माघारीचे तीन दिवस

२ डिसेंबर २०२५, मंगळवार. सकाळी साडेसातला पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, आर्णी, नेर, घाटंजी आणि पांढरकवडा या नऊ गावांत नगरपरिषदेसाठी, तर ढाणकीत नगरपंचायतीसाठी मतदान सुरू झालं. ज्या शहराच्या नावाने जिल्हा ओळखला जातो, त्या यवतमाळात मात्र केंद्रं उघडलीच नाहीत. उमेदवार ठरले होते, चिन्हं वाटून झाली होती, प्रचाराच्या गाड्या गल्लोगल्ली फिरून गेल्या होत्या. आणि मतदान दोन-तीन दिवसांवर आलं असताना राज्य निवडणूक आयोगाचा आदेश आला: यवतमाळ नगरपरिषदेची निवडणूक थांबवा, नवा कार्यक्रम घ्या, मतदान २० डिसेंबरला.

शहरभर एकच प्रश्न होता, असं झालं काय? मतदारयादीचा घोळ नव्हता, दंगल नव्हती, यंत्रं बिघडली नव्हती. कारण होतं नियमातल्या तीन दिवसांचं. स्थानिक निवडणूक आतून कशी चालते हे समजून घ्यायला या तीन दिवसांइतकी चांगली जागा दुसरी नाही. एरवी आपल्याला निवडणूक दिसते ती बोटावरच्या शाईपुरती. त्याआधीच्या महिनाभरात कुणाकुणाचे हक्क कुठल्या तारखेला बांधलेले असतात, हे गाडं अडल्यावरच कळतं.

आधी हे गाडं किती उशिरा निघालं ते पाहू. यवतमाळची आधीची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली. पाच वर्षांची मुदत संपल्यावर नवी निवडणूक व्हायला हवी होती, पण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न उभा राहिला. मार्च २०२१ मध्ये विकास किशनराव गवळी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हे आरक्षण द्यायचं तर स्वतंत्र आयोग, स्थानिक पातळीवरची आकडेवारी आणि एकूण पन्नास टक्क्यांची मर्यादा या तीन कसोट्या पार कराव्या लागतील. मग त्यासाठी बांठिया आयोग आला, प्रभागरचनेचे वाद आले, तारखांवर तारखा पडल्या. अखेर ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्याच, असा आदेश दिला. मधल्या काळात राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक बसले होते. नाली तुंबली, दिवा बंद पडला, घराच्या कराची नोटीस चुकीची आली, तर जाऊन भेटायचं कुणाला? वॉर्डातला नगरसेवक ‘माजी’ झालेला आणि कार्यालयातला साहेब बैठकीत असलेला. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती सांगते की नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपायच्या आत नवी निवडणूक व्हायला हवी. ज्यांना डिसेंबरातल्या अठरा दिवसांच्या उशिराने चीड आली, त्यांनी त्याआधी गेलेल्या वर्षांचा हिशेबही मागायला हवा होता. तो फार कमी लोकांनी मागितला, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

या जिल्ह्याचं नगरपालिकेशी नातं तसं जवळचं आहे. पुसदचे वसंतराव नाईक १९४६ मध्ये पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. आमदारकी, मंत्रिपद, मुख्यमंत्रिपद हे सगळं त्यानंतरचं. ते मुख्यमंत्री असतानाच १९६५ चा महाराष्ट्र नगरपालिका कायदा झाला, आणि आजची नगरपरिषदेची निवडणूक त्याच कायद्याखाली होते. त्याआधी विदर्भाला मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९२२ चा कायदा, मराठवाड्याला हैदराबादचा, पश्चिम महाराष्ट्राला मुंबई इलाख्याचा, अशी तीन तऱ्हेची व्यवस्था होती. या कायद्याने सगळी शहरं एका नियमाखाली आणली आणि लोकसंख्येप्रमाणे वर्ग पाडले. एक लाखावर लोकसंख्या असेल तर ‘अ’, चाळीस हजार ते एक लाख ‘ब’, त्याखाली ‘क’. २०११ च्या जनगणनेत १ लाख १६ हजारांवर गेलेलं यवतमाळ ‘अ’ वर्गात, ७३ हजारांचं पुसद आणि ५८ हजारांचं वणी ‘ब’ वर्गात. ढाणकीसारखी गावं, जी खेडं उरलेली नाहीत आणि शहरही झालेली नाहीत, त्यांच्यासाठी नगरपंचायत.

हा वर्ग नुसता कागदावर राहत नाही, उमेदवाराच्या खिशापर्यंत पोचतो. २०२५ ला राज्य निवडणूक आयोगाने खर्चाची मर्यादा वर्गाप्रमाणे ठरवली: ‘अ’ वर्गात नगराध्यक्षाला १५ लाख आणि सदस्याला ५ लाख, ‘ब’ वर्गात ११ लाख २५ हजार आणि साडेतीन लाख, ‘क’ वर्गात साडेसात लाख आणि अडीच लाख, नगरपंचायतीत ६ लाख आणि सव्वादोन लाख. निकाल लागल्यावर तीस दिवसांत हिशेब द्यायचा. जेवणावळी, मंडप, भाड्याच्या गाड्या, सोशल मीडियाचं काम, सगळं त्यात धरायचं. ही मर्यादा किती पाळली जाते हे प्रत्येक गावकऱ्याला ठाऊक आहे. तरीही ती असायलाच हवी. तिच्याशिवाय साध्या दुकानदाराने किंवा निवृत्त शिक्षकाने उभं राहायचा विचारच सोडून दिला असता.

आता उमेदवाराकडे वळू. त्याची निवडणूक सुरू होते ती मुंबईत. ६ ऑक्टोबर २०२५ ला मंत्रालयात राज्यभरच्या नगराध्यक्षपदांची आरक्षण सोडत निघाली. यवतमाळ आणि वणी या दोन्ही ठिकाणचं पद अनुसूचित जमातीच्या महिलेसाठी आरक्षित झालं. एका चिठ्ठीने दोन शहरांचं राजकारण पालटलं. वर्षानुवर्षं या पदासाठी तयारी केलेले पुरुष एका दुपारीत बाजूला झाले आणि पक्षांचे लोक गोंड, कोलाम, परधान, आंध समाजातल्या शिकलेल्या, लोकांत वावरणाऱ्या बायकांच्या घरी चकरा मारू लागले. हे मला महत्त्वाचं वाटतं. यवतमाळ जिल्ह्यात आदिवासी मोठ्या संख्येने आहेत. पण ते झरी-जामणी, मारेगाव, केळापूरच्या पाड्यांवर असतात, अशीच शहराची समजूत. त्यांच्यातली एक बाई शहराच्या प्रमुखाच्या खुर्चीत बसणार हे सोडतीने नक्की केलं. पक्ष कुठलाही येवो, नाव कुणाचंही निघो.

आरक्षित जागेचा उमेदवार म्हटला की कागदांची फाईल जाड होते. जातीचा दाखला लागतो आणि त्यावर जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. ते हातात नसेल तर निदान अर्ज केल्याचा पुरावा आणि हमीपत्र द्यायचं, निवडून आल्यावर सहा महिन्यांत प्रमाणपत्र सादर करायचं; नाहीतर निवड मुळापासून रद्द. बाकीच्या अटी सगळ्यांना सारख्या. वय किमान एकवीस. मतदारयादीत नाव. नगरपरिषदेचा कर थकलेला नको. घरी शौचालय हवं आणि ते वापरात हवं. नगरपरिषदेच्या कामात ठेकेदारीचा संबंध नको. सप्टेंबर २००१ नंतरचं तिसरं अपत्य नको. शिवाय मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र. पक्षाचा उमेदवार असेल तर अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म, आणि तो मुदतीच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पडायला हवा. दर निवडणुकीत शेवटच्या तासाला तहसीलच्या आवारात कुणीतरी धावत येताना दिसतो, तो बहुतेक वेळा हाच कागद घेऊन.

यवतमाळ शहरात आणखी एक गोष्ट आहे. २०१६ च्या निवडणुकीआधी लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव, भोसा, मोहा, पिंपळगाव या शेजारच्या ग्रामपंचायती शहरात आल्या. जे काल सरपंच होते, ग्रामपंचायत सदस्य होते, ते आज नगरसेवकपदाचे इच्छुक झाले. एका वॉर्डात घरोघरी ओळख असलेला माणूस आता दोन सदस्यांच्या मोठ्या प्रभागात उभा राहतो, आणि अर्ध्या प्रभागाला त्याचं नावही ठाऊक नसतं. म्हणून इथे अर्ज भरपूर येतात, बंडखोरीही भरपूर होते.

या वेळी अर्ज भरायला १० ते १७ नोव्हेंबर अशी मुदत होती. १८ ला छाननी. छाननीच्या खोलीत उमेदवार, सूचक आणि त्यांचा एखादा वकील दाटीवाटीने बसलेले असतात. अधिकारी एकेक अर्ज उचलतो, नाव वाचतो, ‘कुणाची हरकत?’ विचारतो. समोरचा माणूस थकबाकीची पावती पुढे करतो, जातीच्या दाखल्याची झेरॉक्स दाखवतो, सही जुळत नाही म्हणतो. अधिकारी ऐकतो आणि तिथेच निकाल देतो: अर्ज वैध किंवा अवैध. ज्याला तो मान्य नाही, त्याला तीन दिवसांत जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येतं.

ज्या प्रभागात अपील नाही, तिथे माघारीची शेवटची तारीख होती २१ नोव्हेंबर. अपील असेल तिथे २५. ही दुसरी तारीख नियमातूनच येते. नगरपरिषद निवडणुकीच्या १९६६ च्या नियमांप्रमाणे अपिलाचा निकाल लागल्यानंतर तिसऱ्या दिवसापर्यंत माघार घेता आली पाहिजे. का? कारण रिंगणात नेमकं कोण उरलं, हे कळल्याशिवाय कुणी उभं राहायचं की बसायचं ठरवूच शकत नाही. समजा, एका जागेवर चौघे आहेत आणि त्यातल्या एकाचा अर्ज बाद झालाय. दुसरा त्याच गटाचा, त्याच्या जागी म्हणून उभा. अपिलात पहिल्याचा अर्ज पुन्हा मंजूर झाला, तर दुसऱ्याला मागे हटायला वेळ हवा. न मिळाला, तर एकाच गटाची मतं दोघांत फुटणार आणि दोष मात्र मतदाराच्या पदरात. आपल्याकडे ‘अमका बसला’, ‘तमक्याला बसवला’ असं म्हणतात आणि त्यात पैशाचा वास येतो. तो कित्येकदा खराही असतो. पण माघार हा उमेदवाराचा कायद्याने दिलेला हक्क आहे. लोकांनी समजावलं, घरच्यांनी नको म्हटलं, समोर आपल्यापेक्षा चांगला माणूस दिसला, ही कारणंही खरीच असतात.

आता हिशेब करा. २२ नोव्हेंबरपर्यंत अपिलाचा निकाल लागला तर २५ तारखेपर्यंत तीन दिवस मिळतात. २३ ला किंवा त्यानंतर लागला, तर मिळत नाहीत. राज्यात काही ठिकाणी न्यायालयांचे निकाल २३ नंतरच लागले. तरीही २६ तारखेला चिन्हं वाटली गेली, उमेदवारांची अंतिम यादी लागली, प्रचार सुरू झाला. मग आयोगाच्या ध्यानात आलं की या जागांवर नियम मोडला गेलाय. २९ नोव्हेंबरला आयोगाने आदेश काढला. अपील एखाद्या सदस्याच्या जागेचं असेल, तर तेवढ्याच जागेचं मतदान थांबवायचं. नगराध्यक्षपदाच्या जागेचं असेल, तर अख्ख्या नगरपरिषदेचं. कारण नगराध्यक्षाला सगळं शहर मत देतं. ते मतदान वेगळं काढायचं म्हटलं तर शहराने दोनदा रांगा लावायच्या. ज्या वीसहून जास्त ठिकाणी असं पूर्ण मतदान पुढे गेलं, त्यांत बारामती, अंबरनाथ, फलटण, वाशीम यांच्यासोबत यवतमाळही होतं. इतर कित्येक गावांत मोजक्या जागांपुरतं मतदान २० तारखेवर गेलं.

संताप झाला आणि तो रास्त होता. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीही या निर्णयाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. उमेदवारांचा खर्च वाया गेला, पत्रकं छापून पडली, कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणं पुन्हा घ्यावी लागली. यात मला दोन गोष्टी वेगळ्या कराव्याशा वाटतात. तीन दिवसांचा नियम पाळणं बरोबर होतं. तो डावलून मतदान घेतलं असतं, तर निकालानंतर कुणीही न्यायालयात गेला असता आणि शहराने दिलेली मतं वर्षभर टांगणीला लागली असती. चूक झाली ती त्या आधी: अपिलाचा निकाल लागताच त्याच दिवशी तो आयोगाला कळवायची आणि तिथेच चिन्हवाटप थांबवायची चोख पद्धत असती, तर अंतिम यादी लागल्यानंतर ती मागे घ्यायची वेळ आली नसती.

नव्या कार्यक्रमात १० डिसेंबरपर्यंत माघार, ११ ला चिन्हं आणि २० ला मतदान असं ठरलं. पण एका ठिकाणची तारीख हलली की सगळ्यांचा निकाल हलतो. २ तारखेला मत देऊन झालेल्या गावांची मोजणी ३ ला होणार होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मतदानाच्याच दिवशी सांगितलं, की सगळीकडची मोजणी २१ डिसेंबरला एकत्र करा. नाहीतर आधीच्या निकालांची छाया उरलेल्या मतदानावर पडेल. सर्वोच्च न्यायालयानेही ती तारीख कायम ठेवली.

त्यामुळे पुसदचं, घाटंजीचं मत यंत्रात बंद होऊन एकोणीस दिवस पडून राहिलं. गोदामाला सील, दारात पोलिसांचा पहारा, आणि बाहेर वेगवेगळ्या पक्षांची पोरं रात्ररात्र शेकोटी करून बसलेली. यंत्राशी कुणी छेडछाड केल्याचं सिद्ध झालं नाही तरी एकोणीस दिवस संशयाला पुरेसे असतात. डिसेंबरात कापसाची वेचणी सुरू असते, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. कामाधंद्याची माणसं पहाऱ्याला जातात ती त्यांना आपल्या मताचं मोल वाटतं म्हणूनच.

मतदानाची मांडणी आता जवळून पाहू. या टप्प्यात राज्यात २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायती होत्या, मतदार एक कोटी सात लाखांच्या घरात, आणि केंद्रं १३,३५५. म्हणजे सरासरी एका केंद्रावर आठशे मतदार. आदल्या दिवशी साहित्यवाटपाच्या ठिकाणी केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी यंत्रं, याद्या, शाई, लाख, पाकिटं मोजून घेतात आणि ठरलेल्या बसने केंद्रावर जातात. केंद्र बहुधा नगरपरिषदेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत असतं. बाकडी भिंतीला सरकवलेली, फळ्यावर कालची गणितं तशीच. रात्री तिथेच मुक्काम. सकाळी साडेसातच्या आधी अभिरूप मतदान होतं: हजर असलेल्या प्रतिनिधींसमोर प्रत्येक उमेदवाराच्या नावाचं बटण दाबायचं, बेरीज दाखवायची, जुळली की यंत्र पुसून शून्यावर आणायचं, सील लावून प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या. प्रतिनिधी झोपेतून उठून वेळेवर आला नाही तर त्याच्या उमेदवाराने नंतर तक्रार करण्यात अर्थ उरत नाही.

नगरपरिषदेत मतदाराला साधारणपणे तीन मतं असतात. प्रभागातल्या ‘अ’ जागेला एक, ‘ब’ जागेला एक, नगराध्यक्षाला एक. ढाणकीत दोनच: प्रभागाचा एक सदस्य आणि नगराध्यक्ष. विधानसभेला सवयीचं झालेलं एक बटण दाबून बाई बाहेर निघते आणि अधिकारी ‘ताई, थांबा, अजून दोन राहिलीत’ म्हणून परत पाठवतो. तिन्ही बटणं दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. कुणीच पसंत नसेल तर त्या जागेच्या ‘वरीलपैकी कोणीही नाही’वर बोट ठेवायचं. हे बटणही इथे जास्त वजनाचं आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य आयोगाने ठरवलं, की ‘नोटा’ला सगळ्यात जास्त मतं मिळाली तर ती निवडणूक रद्द करून पुन्हा घ्यायची. लोकसभा-विधानसभेत तशी तरतूद नाही. फेरनिवडणुकीतही ‘नोटा’च वर राहिला, तर मात्र त्याच्याखालच्या उमेदवाराला विजयी धरतात. मत कुणाला गेलं ते दाखवणारी चिठ्ठी या यंत्रांना नव्हती, आणि तिच्या अभावावर बरीच टीका झाली.

तीन मतांनी वेळ वाढतो. साडेसात ते साडेपाच म्हणजे सहाशे मिनिटं. आठशेपैकी साधारण पाचशेवीस मतदार आले असं धरलं तर एकेकाला सत्तर सेकंदांहून कमी वेळ. त्यात यादीत नाव शोधणं, ओळखपत्र, सही किंवा अंगठा, शाई आणि तीन बटणं. यादीत नावापुढे दोन तारे असतील, म्हणजे हे नाव दुसरीकडेही असल्याचा संशय असेल, तर वर आणखी हमीपत्र. दुपारच्या उन्हात रांग का थबकते, याचं उत्तर या हिशेबात आहे. जिथे केंद्राध्यक्षाने वयस्कर माणसांसाठी आत खुर्च्या ठेवलेल्या असतात आणि यादीचे भाग गल्लीप्रमाणे लावलेले असतात, तिथली रांग निम्म्या वेळात सरकते. या कामासाठी वेगळा पैसा लागत नाही, फक्त आदल्या संध्याकाळचा अर्धा तास लागतो.

यवतमाळकरांनी २० डिसेंबरला, शनिवारी, मत दिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या जिल्ह्याची मोजणी झाली. गुलाल उधळला गेला तरी कायद्याच्या दृष्टीने काम उरतंच. निवडून आलेल्यांची नावं राजपत्रात येतात, पहिल्या सभेत नगरसेवक आपल्यातून उपाध्यक्ष निवडतात, स्वीकृत सदस्य घेतले जातात, ज्यांना सभागृहात बोलता येतं पण मत देता येत नाही. आरक्षित जागांवरच्या सदस्यांच्या वैधता प्रमाणपत्राचे सहा महिने निवडून आल्यापासून मोजायला लागतात. आणि थेट निवडलेला नगराध्यक्ष आणि बहुमत असलेलं सभागृह यांचे पक्ष वेगळे निघाले, तर खरी परीक्षा तिथे. यवतमाळने ती २०१६ नंतर पाहिली आहे: नगराध्यक्ष शिवसेनेच्या कांचन चौधरी, सभागृहात जोर भाजपचा. ठराव मांडायचा कोणी, विषयपत्रिकेवर काय घ्यायचं, बिलावर सही कधी करायची, या प्रत्येक गोष्टीत दोन मतप्रवाह. मतदाराने तीन बटणं वेगवेगळ्या विचाराने दाबली की असं होतं, आणि तसं दाबण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. सभेत मग दोन्ही बाजूंनी नागरिकांसमोर खुलं बोलावं, सभेचं इतिवृत्त वेळेवर लावावं, आणि प्रभागातल्या माणसाला ते मागताक्षणी मिळावं, एवढं नव्या सभागृहाकडून हक्काने मागता येतं.